क्लाउडमधील संगीतसंग्रहात गाण्याची जुळणी चुकली असेल तर ती कशी दुरुस्त करावी

संगणकावर वर्षानुवर्षे जमवलेली गाणी क्लाउडमध्ये ठेवली की ती फोनवर, कार्यालयात किंवा परगावीही ऐकता येतात. या सोयीतला एक दोष मात्र अनेकांच्या बराच काळ लक्षात येत नाही. पडद्यावर गाण्याचे नाव, गायक आणि अल्बमचे चित्र बरोबर दिसते, पण कानावर पडते ते दुसरेच ध्वनिमुद्रण. मैफलीतले गायन हवे असते तेव्हा स्टुडिओतले वाजते, मूळ पार्श्वगायकाऐवजी ‘व्हर्जन’ गाणाऱ्या कुणा दुसऱ्याचा आवाज येतो, किंवा तेच गाणे येते पण त्याचा अंतराच कापलेला असतो. पुढील विवेचन मुख्यतः ॲपल म्यूझिक आणि आयट्यून्स मॅच या सेवांविषयी आहे, कारण आपल्या फाइलऐवजी कंपनीच्या साठ्यातली फाइल वाजवण्याची पद्धत तिथे आजही चालू आहे. पडद्यावरील पर्यायांची नावे मॅकवरील म्यूझिक ॲपमध्ये जशी दिसतात तशी दिली आहेत. विंडोजवरील आयट्यून्समध्ये त्यांत थोडाफार फरक आढळेल.

चूक मुळात का होते

आयट्यून्स मॅच ही सेवा २०११ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत सुरू झाली. ग्राहकाच्या संग्रहातली प्रत्येक फाइल इंटरनेटवरून वर चढवायची म्हटले तर दिवसच्या दिवस लागतील. म्हणून जे गाणे ॲपलच्या ऑनलाइन दुकानात आधीपासून आहे ते चढवायचेच नाही, फक्त ‘हे गाणे या ग्राहकाकडे आहे’ अशी नोंद करायची आणि ऐकवताना दुकानातली २५६ केबीपीएस दर्जाची एएसी (एमपी३सारखाच एक फाइलप्रकार) प्रत ऐकवायची, अशी ही योजना आहे. जे गाणे दुकानात सापडत नाही तेवढेच प्रत्यक्ष चढवले जाते. ओळख पटवण्यासाठी गाण्याच्या ध्वनीचा एक ठसा काढला जातो आणि तो दुकानातल्या ठशांशी ताडून पाहिला जातो.

३० जून २०१५ रोजी ॲपल म्यूझिक सुरू झाले तेव्हा त्याच्या वर्गणीदारांसाठी हा ध्वनिठसा वापरलाच जात नव्हता. गाण्याचे नाव, गायक, अल्बम अशा टॅगमधील, म्हणजे फाइलमध्येच लिहून ठेवलेल्या, माहितीवरूनच जुळणी ठरत असे, आणि त्या काळात मैफलीच्या ध्वनिमुद्रणाच्या जागी स्टुडिओतले गाणे येण्याच्या तक्रारी जगभरातून झाल्या. जुलै २०१६ पासून ध्वनिठशाची पद्धत ॲपल म्यूझिकच्या वर्गणीदारांनाही मिळू लागली. त्यामुळे ज्यांनी आपला संग्रह त्या पहिल्या वर्षात क्लाउडला जोडला असेल त्यांनी जुन्या जुळण्या एकदा तपासून पाहाव्यात, हे माझे स्पष्ट मत आहे.

टॅगवरून जुळणी करण्याची पद्धत आपल्या संगीताला विशेष बाधते. शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणांची नावे बहुधा रागाच्या नावावरूनच दिलेली असतात. ‘यमन, विलंबित’ एवढ्या नावाने आणि भीमसेन जोशी एवढ्या गायकनामाने शोध घेतला तर त्यात वेगवेगळ्या वर्षांच्या, वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या साथीदारांसह झालेल्या मैफली एकाच टोपलीत येतात. अभंगांचेही तेच आहे: शब्द संतांचे, चाल परंपरेची, आणि गाणारे अनेक. नाव सारखे म्हणून ध्वनिमुद्रण सारखे असे गृहीत धरणारी कोणतीही यंत्रणा इथे अडखळणारच.

ध्वनिठसा यापेक्षा पुष्कळ विश्वासार्ह आहे, पण तोही निर्दोष नाही. तो ध्वनिमुद्रण ओळखतो, त्या ध्वनिमुद्रणाची आपल्याकडे असलेली विशिष्ट प्रत ओळखत नाही. एकाच गाण्याची जुन्या तबकडीवरून घेतलेली प्रत, पुढे एलपीवर आलेली प्रत आणि खरखर काढून टाकलेली सीडीवरील प्रत यंत्राच्या लेखी एकच असू शकते. जाणकार श्रोत्याच्या लेखी ती तशी नसते. जुन्या तबकड्यांच्या बाबतीत गतीचाही प्रश्न येतो. बाल गंधर्वांच्या काळातील सगळ्या तबकड्या मिनिटाला बरोबर ७८ फेऱ्या या गतीने मुद्रित झालेल्या नव्हत्या, आणि गतीत सुमारे सहा टक्के फरक पडला तर गायकाची पट्टी अर्ध्या स्वराने सरकते. एखाद्या संग्राहकाने योग्य गती शोधून काढलेली प्रत जाऊन तिच्या जागी घाईने रूपांतरित केलेली प्रत आली, तर नाव आणि गायक बरोबर असूनही ती चुकीचीच जुळणी म्हटली पाहिजे. इंग्रजी गाण्यांत याच जातीची आणखी एक चूक होते: शिव्या किंवा आक्षेपार्ह शब्द असलेल्या मूळ गाण्याच्या जागी ते शब्द पुसलेली प्रत येते.

नाव बदलून ध्वनी बदलत नाही

चूक लक्षात आल्यावर बहुतेक जण पहिल्यांदा ‘गेट इन्फो’ उघडून नाव, अल्बम किंवा वर्ष दुरुस्त करू लागतात. त्याचा उपयोग होत नाही. जुळणी झालेल्या गाण्यावर नाव आपल्या संग्रहातले राहते आणि ध्वनी मात्र दुकानातला असतो. बरणीवर चिठ्ठी लिंबाच्या लोणच्याची आणि आत मुरांबा, असा तो प्रकार आहे. चिठ्ठी कितीही नीट लिहिली तरी आतला पदार्थ बदलत नाही. उलट चूक इतके दिवस झाकली जाते ती या बरोबर दिसणाऱ्या चिठ्ठीमुळेच.

ती झाकली जाण्याचे दुसरे कारण असे की, ज्या संगणकावरून गाणे जोडले त्या संगणकावर मूळ फाइल अजून असते आणि ॲप तीच वाजवते. म्हणजे घरच्या संगणकावर सगळे ठीक आणि फोनवर चूक, अशी स्थिती निर्माण होते व दोष फोनला दिला जातो. फोन बंद करून चालू करणे, ॲप काढून पुन्हा टाकणे, या खटाटोपाने काहीच साधत नाही, कारण फोनला क्लाउडकडून जे मिळते तेच तो वाजवतो.

निदान कसे करावे

मॅकवर म्यूझिक ॲपमध्ये गाण्यांची यादी उघडून ‘व्ह्यू’ मेनूतील ‘शो व्ह्यू ऑप्शन्स’ निवडावे आणि ‘क्लाउड स्टेटस’ व ‘क्लाउड डाउनलोड’ हे दोन रकाने चालू करावेत. पहिल्या रकान्यात प्रत्येक गाण्यापुढे त्याची स्थिती दिसते आणि पुढचा सगळा मार्ग तिच्यावर अवलंबून असतो. ‘मॅच्ड’ असे लिहिले असेल तर आपल्या फाइलची जुळणी दुकानातल्या गाण्याशी झालेली आहे. ‘अपलोडेड’ असेल तर आपलीच फाइल वर गेलेली आहे; तरीही चुकीचे गाणे वाजत असेल तर दोष जुळणीचा नसून फाइलचाच आहे. ‘ॲपल म्यूझिक’ असे लिहिले असेल तर ते गाणे आपण वर्गणीतील साठ्यातून घेतलेले आहे, त्यामागे आपली अशी कोणतीही फाइल नाही. तिथे ध्वनी चुकीचा असेल तर ती चूक साठ्यातलीच आहे, आणि कंपनीला कळवून दुसऱ्या अल्बममधली बरोबर प्रत शोधण्यापलीकडे आपल्या हातात काही राहत नाही. ‘इनएलिजिबल’ म्हणजे ते गाणे नियमात न बसल्यामुळे क्लाउडमध्ये गेलेलेच नाही. दोनशे मेगाबाइटपेक्षा मोठी किंवा दोन तासांपेक्षा लांब फाइल वर चढवली जात नाही, आणि ज्यांच्याकडे रात्रभर चाललेल्या मैफलींच्या अखंड फाइल आहेत त्यांना ही मर्यादा हमखास आडवी येते.

दुसरा रकाना मूळ फाइल या संगणकावर आहे की नाही ते सांगतो. खात्रीसाठी गाणे निवडून कमांड आणि आय या कळा दाबाव्यात व ‘फाइल’ या भागात ‘काइंड’पुढे काय लिहिले आहे ते पाहावे. तिथे ‘एमपेग ऑडिओ फाइल’ असेल तर ती आपली जुनी एमपी३ आहे. ‘मॅच्ड एएसी ऑडिओ फाइल’ असेल तर संगणकावरदेखील दुकानातली प्रत येऊन बसलेली आहे आणि मूळ फाइल इतरत्र शोधावी लागणार आहे.

संग्रह मोठा असेल तर एकेक गाणे तपासणे शक्य नसते. अशा वेळी एक स्मार्ट प्लेलिस्ट, म्हणजे दिलेल्या नियमांनुसार आपोआप भरणारी यादी, करावी, तिला क्लाउड स्थिती ‘मॅच्ड’ आहे असा नियम द्यावा आणि जोडीला संशयास्पद गटाचा नियम द्यावा, उदाहरणार्थ प्रकार शास्त्रीय आहे किंवा अल्बमच्या नावात ‘लाइव्ह’ हा शब्द आहे. मिळालेली यादी फोनवर उघडून प्रत्येक गाण्याचे पहिले मिनिट ऐकावे. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात तानपुऱ्यावर पहिला षड्ज लागण्यापूर्वीची कुजबुज, निवेदकाचे दोन शब्द किंवा टाळ्या असतात. त्या नसतील तर पुढे ऐकण्याची गरजच नाही. गाण्याचा एकूण कालावधीही मूळ फाइलशी ताडून पाहावा, कारण दहा-पंधरा सेकंदांचा फरकसुद्धा वेगळ्या प्रतीची खूण असते. ज्या फाइल आपल्या स्वतःच्या आहेत, म्हणजे घरच्या कार्यक्रमाचे, गणेशोत्सवाचे किंवा गुरुजींच्या शिकवणीचे ध्वनिमुद्रण, त्या ‘मॅच्ड’च्या यादीत दिसल्याच तर त्या न ऐकताही चुकीच्या समजाव्यात.

दुरुस्तीआधी मूळ प्रत सुरक्षित करावी

या पायरीवर घाई करू नये. दुरुस्तीचा मार्ग गाणे क्लाउडमधून पूर्ण काढून टाकण्यातून जातो, आणि त्या वेळी मूळ फाइल हाताशी नसेल तर दुरुस्तीऐवजी नुकसान होईल. ॲपल स्वतःच सांगते की ही सेवा म्हणजे बॅकअप नव्हे. हे वाक्य गांभीर्याने घ्यावे.

मूळ फाइल ‘शो इन फाइंडर’ने शोधावी आणि म्यूझिक ॲपच्या स्वतःच्या फोल्डरबाहेर, शक्यतो वेगळ्या हार्ड डिस्कवर, तिची प्रत ठेवावी. नक्कल केल्यावर ती फाइल म्यूझिक ॲपमध्ये न उघडता दुसऱ्या एखाद्या साध्या प्लेअरमध्ये, जसे की व्हीएलसीमध्ये, शेवटपर्यंत वाजवून पाहावी. नक्कल झाली असे दिसणे आणि ती नीट वाजणे यांत फरक असतो, आणि जुन्या सीडीवरून घेतलेल्या फाइल मध्येच तुटलेल्या निघतात हा अनुभव संग्राहकांना नवा नाही.

गाणे काढून टाकले की ते ज्या ज्या प्लेलिस्टमध्ये आहे तिथूनही जाते, आणि किती वेळा ऐकले याची मोजणी व दिलेले तारे हेही जातात. म्हणून ‘फाइल’ मेनूतील ‘लायब्ररी’मध्ये जाऊन ‘एक्सपोर्ट प्लेलिस्ट’ने महत्त्वाच्या याद्या आधी बाहेर काढून ठेवाव्यात. त्या आपोआप पूर्ववत होतीलच असे नाही, पण कोणते गाणे कितव्या क्रमांकावर होते हे पाहून हाताने पुन्हा लावता येतात.

प्रत्यक्ष दुरुस्ती

गाणे निवडून ‘डिलीट फ्रॉम लायब्ररी’ हा पर्याय घ्यावा. त्याच्याशी मिळताजुळता ‘रिमूव्ह डाउनलोड’ हा पर्याय इथे उपयोगाचा नाही. त्याने केवळ संगणकावरची फाइल जाते आणि क्लाउडमधली चुकीची जुळणी जशीच्या तशी राहते. म्हणजे जे जायला हवे ते राहते आणि जे राहायला हवे ते जाते. या दोन पर्यायांची गल्लत झाल्याने मूळ फाइल गमावल्याची उदाहरणे बरीच आहेत, आणि एकाच मेनूत ते दोन्ही शेजारी ठेवण्यात कोणाची सोय पाहिली हे मला अद्याप उमगलेले नाही. गाणे काढताना फाइल कचरापेटीत टाकायची की ठेवायची असे विचारले गेल्यास ती ठेवावी.

यानंतर लगेच तीच फाइल पुन्हा जोडू नये. ‘फाइल’ मेनूतील ‘लायब्ररी’मध्ये ‘अपडेट क्लाउड लायब्ररी’ हा पर्याय आहे. तो निवडून काम पूर्ण होऊ द्यावे आणि फोनवर जाऊन गाणे तिथूनही नाहीसे झाले आहे याची खात्री करावी. फोनवर ते अजून दिसत असेल तर जुनी नोंद पुसली गेलेली नाही, आणि अशा वेळी पुन्हा जोडलेली फाइल त्याच जुन्या नोंदीला चिकटण्याची शक्यता असते. इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे: ‘सिंक लायब्ररी’ (संग्रह क्लाउडशी जोडून ठेवणारा पर्याय) बंद करून पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण फोनवर तसे केल्यास तिथे उतरवलेली क्लाउडची गाणी निघून जातात आणि मोठा संग्रह पुन्हा उतरवायला बराच वेळ व डेटा लागतो. एका गाण्यासाठी हा उपाय करू नये.

आता फाइल पुन्हा जोडण्यापूर्वी तिच्यात बदल करावा, कारण जशीच्या तशी जोडली तर यंत्रणा पुन्हा तोच निष्कर्ष काढू शकते. सर्वांत सोपा बदल टॅगमधला आहे. विंडोजवर एमपी३टॅग किंवा कोणत्याही संगणकावर किड३ यांसारख्या ॲपने गाण्याचे नाव नेमके करावे: नुसते ‘यमन’ न लिहिता राग, गती, ठिकाण आणि वर्ष हे सर्व लिहावे, अल्बमच्या नावातही मैफल आणि गाव यावे. हा बदल एरवीही हितकारक आहे, कारण त्यामुळे संग्रहात शोधणे सोपे होते. फाइल जोडून क्लाउड पुन्हा अद्ययावत करावे आणि ‘क्लाउड स्टेटस’मध्ये ‘अपलोडेड’ येण्याची वाट पाहावी. ते आले की काम झाले. त्यानंतर फोनवर जाऊन ते गाणे तिथे नव्याने उतरवावे व ऐकून पाहावे.

जुळणी पुन्हा तशीच झाली तर

ध्वनिठशावरून झालेली जुळणी टॅग बदलून सहसा हटत नाही. तिथे ध्वनीतच बदल करावा लागतो, आणि तो असा हवा की श्रोत्याला खटकू नये व ठसा मात्र बदलावा. ऑडॅसिटी या मोफत ॲपमध्ये फाइल उघडून सुरुवातीला ‘जनरेट’ मेनूतील ‘सायलेन्स’ने काही सेकंदांची शांतता जोडावी आणि नव्या नावाने फाइल काढावी. पुष्कळदा एवढ्याने भागते. कधी भागत नाही, कारण ठसा ओळखणाऱ्या पद्धती मुळातच किरकोळ बदलांना दाद न देण्यासाठी घडवलेल्या असतात.

अशा हट्टी गाण्यांसाठी मला सर्वांत पसंत असलेला उपाय म्हणजे दोन फाइल एकत्र जोडून एक करणे. शास्त्रीय संगीतात तर तो संगीताच्याही बाजूने योग्य ठरतो. सीडी काढताना विलंबित आणि द्रुत असे दोन तुकडे पाडलेले असतात. मैफलीत ते एकामागोमाग एक, मध्ये न थांबता गायलेले असतात. ऑडॅसिटीत पहिल्याच्या शेवटी दुसरा जोडून एकच फाइल केली की तिचा कालावधीही वेगळा होतो आणि दुकानात तशी फाइल नसल्यामुळे ती जवळपास खात्रीने ‘अपलोडेड’ म्हणून जाते. मध्येच कापल्यामुळे ऐकताना येणारा झटकाही जातो, हा वरचा फायदा. नाट्यगीते किंवा भावगीते यांसारख्या सुट्या गाण्यांना हा उपाय लावावा की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. चार गाण्यांची एक फाइल केली तर त्यातले एकच गाणे प्लेलिस्टमध्ये घेता येत नाही.

गती किंचित बदलण्याचा उपायही काही जण सुचवतात. तो मी सुचवणार नाही. ठसा बदलण्याइतकी गती बदलली तर पट्टीही हलते, आणि पट्टी सांभाळण्यासाठीच ज्यांनी मूळ प्रत जपली त्यांना ते चालण्यासारखे नाही.

ध्वनीत बदल करताना दर्जाचा विचार करावा. एमपी३ फाइल ऑडॅसिटीत उघडून पुन्हा एमपी३ म्हणून काढली तर दर्जा प्रत्येक वेळी थोडा घटतो. मूळ सीडी किंवा फ्लॅक, वेव्ह अशा दर्जा न गमावणाऱ्या फाइल असतील तर बदल त्यांच्यावर करावा. फ्लॅक फाइल म्यूझिक ॲप घेत नाही, म्हणून ती ॲपल लॉसलेस प्रकारात रूपांतरित करावी लागते. आणि तसे केले तरी क्लाउडमध्ये चढताना तिची २५६ केबीपीएसची एएसी प्रतच केली जाते, हे ध्यानात असू द्यावे. क्लाउडमधली प्रत ऐकण्यासाठी. जपण्याची प्रत आपल्या डिस्कवरचीच.

देवनागरी टॅग आणि त्यांच्या अडचणी

जुन्या एमपी३ सीडींवरून किंवा दोन दशकांपूर्वी उतरवलेल्या फाइलींमध्ये टॅगची अवस्था दयनीय असते. गायकाच्या जागी एखाद्या संकेतस्थळाचे नाव, अल्बमच्या जागी ‘मराठी हिट्स’ आणि देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग, असे चित्र दिसते. टॅगच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे आयडी३ आवृत्ती १ मध्ये, नावासाठी केवळ ३० बाइटची जागा होती आणि युनिकोडची सोयच नव्हती. त्यामुळे नावे मध्येच तुटलेली असतात. एमपी३टॅगमध्ये आवृत्ती १ चा टॅग काढून टाकून आवृत्ती २.३ चा टॅग यूटीएफ-१६ या युनिकोड संकेतनात लिहावा. बहुतेक सर्व ॲप आणि गाडीतले प्लेअरही तो वाचतात.

नाव देवनागरीत लिहावे की रोमनमध्ये, यावर मतभेद आहेत. माझ्या मते आपला संग्रह आपल्या लिपीत असावा, पण संपूर्ण संग्रहात एकच पद्धत हवी. एका अल्बममध्ये गायिकेचे नाव देवनागरीत आणि दुसऱ्यात रोमन लिपीत असले तर ॲप त्या दोन वेगळ्या गायिका मानते. ‘गेट इन्फो’मधील ‘सॉर्टिंग’ या भागात क्रमासाठी वेगळे नाव देता येते. तिथे रोमन नाव दिले की देवनागरी नावे यादीच्या तळाशी जाऊन पडत नाहीत. अनेक गायकांच्या अल्बममध्ये ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना सर्व गाण्यांना सारखाच भरावा, नाहीतर एका अल्बमचे आठ तुकडे होतात आणि मग ती जुळणीची चूक आहे असा भलताच समज होतो.

अल्बमचे चित्र चुकीचे असणे ही वेगळी बाब आहे. ध्वनी बरोबर असेल आणि केवळ चित्र चुकीचे असेल तर गाणे काढून टाकण्याची मुळीच गरज नाही; ‘आर्टवर्क’ भागात योग्य चित्र टाकून क्लाउड अद्ययावत केले की पुरते.

इतर सेवांमध्ये

गूगल प्ले म्यूझिकमध्ये चुकीच्या गाण्यावर उजवी कळ दाबून ‘फिक्स इनकरेक्ट मॅच’ असा सरळ पर्याय मिळत असे आणि मग आपलीच फाइल वर चढत असे. वर सांगितलेला एवढा लांबचा रस्ता तिथे एका कळीत संपत होता. पण ती सेवा डिसेंबर २०२० पर्यंत बंद झाली. तिच्या जागी आलेल्या यूट्यूब म्यूझिकमध्ये एक लाखापर्यंत गाणी संगणकावरील ब्राउझरमधून चढवता येतात आणि ती ‘अपलोड्स’ या वेगळ्या भागात राहतात. चढवलेल्या गाण्याचे टॅग तिथल्या तिथे दुरुस्त करता येत नाहीत. गाणे काढावे, संगणकावर टॅग नीट करावा आणि पुन्हा चढवावे. शोधताना मात्र ‘अपलोड्स’मध्येच शोधत आहोत याकडे लक्ष द्यावे, कारण त्याच नावाचे सार्वजनिक साठ्यातले गाणे लागले तर ती जुळणीची चूक नसून आपली निवड चुकलेली असते.

घरच्या संगणकावर प्लेक्स (आपल्याच फाइल इतर साधनांवर ऐकवणारे ॲप) चालवणाऱ्यांना जुळणीची चूक भेटते ती केवळ माहितीच्या पातळीवर. ध्वनी आपल्याच फाइलचा राहतो. तिथे अल्बमवर ‘फिक्स मॅच’ निवडून योग्य नोंद शोधता येते किंवा ‘अनमॅच’ने चुकीची नोंद तोडता येते. आपले टॅग काळजीपूर्वक लिहिलेले असतील तर संग्रहाच्या प्रगत सेटिंगमध्ये स्थानिक माहितीला प्राधान्य देण्याचा पर्याय चालू करावा, म्हणजे बाहेरची माहिती आपल्या नोंदींवर चढत नाही.

मूळ फाइल हरवली असेल तर

संगणकावर ‘मॅच्ड एएसी’ हीच प्रत उरली असेल तर शोध जुन्या साधनांत घ्यावा. मॅकच्या टाइम मशीन या सोयीने घेतलेले जुने बॅकअप, वापरातून गेलेला लॅपटॉप, सीडीवर काढलेल्या एमपी३ ही नेहमीची ठिकाणे आहेत. एक ठिकाण मात्र सहसा सुचत नाही: कपाटात पडलेला जुना आयपॉड. क्लाउडच्या आधी केबलने भरलेल्या आयपॉडवर मूळ फाइलच असतात. संगणकाला जोडून लपलेले फोल्डर दाखवण्याची सोय चालू केली की आयपॉड कंट्रोल नावाच्या फोल्डरमध्ये त्या मिळतात. त्यांची नावे चार निरर्थक अक्षरांची असली तरी आतले टॅग शाबूत असतात, त्यामुळे त्या म्यूझिक ॲपला दिल्या की गाण्यांची नावे आपोआप दिसू लागतात. मात्र आयपॉड जोडल्यावर संगणक तो पुसून नव्याने सिंक करू का असे विचारतो. तिथे नकार द्यावा.

तेही नसेल तर सीडीवरून पुन्हा फाइल काढणे किंवा कॅसेट व तबकडीवरून पुन्हा ध्वनिमुद्रण करणे एवढेच उरते. अशा कष्टाने परत मिळवलेल्या, बाजारात कुठेही नसलेल्या ध्वनिमुद्रणांसाठी क्लाउडशी न जोडलेला स्वतंत्र संग्रह ठेवणे मला जास्त श्रेयस्कर वाटते. म्यूझिक ॲप उघडताना ऑप्शन कळ दाबून ठेवली की नवा संग्रह तयार करण्याचा पर्याय मिळतो. त्या संग्रहात ‘सिंक लायब्ररी’ बंद ठेवावी. फोनवर ‘सिंक लायब्ररी’ चालू असताना केबलने म्यूझिक ॲपमध्ये गाणी भरता येत नाहीत, म्हणून ही मोजकी ध्वनिमुद्रणे फोनवरील व्हीएलसीमध्ये वायफायने पाठवावीत. ते ॲप फ्लॅकही वाजवते, आणि जी फाइल दिली तीच वाजवते.